नाकाची सावली

जुन्या हॉलिवूडच्या एखाद्या नटीचा काळापांढरा फोटो समोर आला की आपण आधी डोळे बघतो, मग ओठ, मग बोटांत धरलेली सिगारेट. नाकाकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरी गंमत मात्र तिथेच, नाकाखाली असते. तिथली सावली सरळ खाली उतरून फुलपाखरासारखी पसरली असेल, तर दिवा बाईच्या अगदी समोर, पण डोक्याच्या बराच वर होता. सावली तिरकी होत गालाच्या सावलीला मिळाली असेल आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा इवलासा त्रिकोण उरला असेल, तर दिवा बाजूला नेलेला होता. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या चित्रांत असा त्रिकोण सापडतो, म्हणून या प्रकाशयोजनेला आजही त्याचंच नाव आहे. आणि नाकाच्या रेषेवर चेहऱ्याची उभी फाळणी झाली असेल, अर्धा उजेडात आणि अर्धा काळोखात, तर दिवा कानाच्या दिशेला. ऐंशी वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसच्या एखाद्या स्टुडिओत दिवा कुठे उभा होता, हे आज आपल्या घरात बसून नुसत्या सावलीवरून सांगता येतं! मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी घरातले सिनेमाचे होते नव्हते तेवढे जुने अंक काढून एकेक नाक तपासत बसलो होतो.

हा खेळ सगळ्यात रंगतो तो फिल्म न्वारच्या फोटोंत. 'न्वार' म्हणजे फ्रेंचमध्ये काळं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. १९४६ साली ते एकदम, गठ्ठ्याने पॅरिसला आले आणि नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांतल्या काळ्या सुराच्या गुन्हेपटांना 'फिल्म न्वार' म्हटलं. 'द मॉल्टीज फाल्कन', 'लॉरा', 'डबल इंडेम्निटी' हे त्यांतले काही. यांतल्या बऱ्याच गोष्टींत एक बाई असते, जिच्या नादी लागलेला पुरुष सहसा धड परतत नाही. फ्रेंच तिला 'फाम फताल' म्हणतात. आपल्याला ती परकी नाही. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस'मध्ये विषकन्या आहेच. पण आपली विषकन्या शब्दांनी सांगितली गेली, हॉलिवूडला ती उजेडाने सांगावी लागली.

सांगावी लागली, कारण तोंडाने बोलायची सोय नव्हती. १९३४ पासून अमेरिकन चित्रपटांवर नीतिनियमांची संहिता कडकपणे लागू झाली होती. वासना, व्यभिचार, यांतलं काहीही उघड दाखवायचं नाही. मग पायातल्या पैंजणाकडे गेलेली नजर, सावकाश उतरवलेला हातमोजा, काळोखातून अर्धवट पुढे आलेला चेहरा यांच्यावर सगळा भार पडला. त्यात युद्ध. सरकारने एका चित्रपटाच्या सेटसाठी लागणाऱ्या नव्या सामानावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. जी भिंत काळोखात राहणार ती बांधायचीच कशाला? आणि हा काळोख हाताळायला माणसंही तयार होती. हिटलरमुळे युरोप सोडून आलेले बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमॅक, फ्रिट्झ लांग हे दिग्दर्शक बर्लिनच्या मूकपटांच्या सावल्यांत वाढलेले होते.

स्टुडिओतल्या पोर्ट्रेटचे मुख्य दिवे तसे तीनच. चेहरा घडवतो तो 'की लाइट'. त्याने पडलेल्या सावल्या हलक्या करतो तो 'फिल लाइट'. आणि पाठीमागून केसांना, खांद्यांना उजेडाची कड लावतो तो 'बॅक लाइट'. नायिका गोड दिसायला हवी असेल तर फिल भरपूर, म्हणजे कुठलीच सावली टोचत नाही. न्वारवाल्यांनी काय केलं? फिल मंद केला, कधी बंदच करून टाकला. इतकंच! नवा दिवा आणला नाही, होता तो काढून घेतला आणि तीच नटी, तोच चेहरा, तेच हसू एकाएकी संशयास्पद झालं. गालाची एक बाजू दिसेनाशी झाली की बघणारा तिथे काय असेल याचा विचार करायला लागतो, आणि भीती तिथूनच सुरू होते. काढून घेतलेल्या एका दिव्याची ही किमया मला अजूनही थक्क करते.

आता दिव्याच्या जातीविषयी. ट्यूबलाइटखाली भिंतीवर हाताची सावली पाडून बघा, कडा विरघळलेल्या दिसतील. मोबाइलच्या टॉर्चसमोर तोच हात धरा, बोटन्‌बोट कातरल्यासारखं उमटेल. शाळेत गडद प्रच्छाया आणि कडेची पुसट उपच्छाया शिकलो होतो, तेच हे. प्रकाशाचा उगम जितका लहान किंवा लांब, तितकी उपच्छाया अरुंद आणि सावली धारदार. न्वारला अशी धारदार सावली हवी होती, आणि ती देणारा दिवा आला होता थेट समुद्रावरून. ओगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने दीपगृहासाठी एक भिंग तयार केलं. भलंमोठं जाड भिंग वजनाने झेपत नाही, म्हणून त्याने भिंगाच्या पोटातला निरुपयोगी काचेचा ऐवज काढून टाकला आणि वक्र पृष्ठभाग तेवढा गोल कड्यांच्या रूपात ठेवला. १८२३ साली फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात ते पहिल्यांदा उजळलं. जुन्या दीपगृहात वर चढून गेलेल्यांना काचेच्या त्या पायऱ्या आठवत असतील. शंभर वर्षांनंतर हॉलिवूडच्या मोल-रिचर्डसन कंपनीने तेच भिंग स्टुडिओच्या दिव्यासमोर बसवलं. खलाशांना खडक दाखवणारी काच नटीच्या गालाचं हाड दाखवायला लागली.

या दिव्याची एक खुबी मला फार आवडते. आतला बल्ब भिंगापासून मागे नेला की झोत आवळतो, पुढे आणला की पसरतो. आपल्याला वाटतं आवळलेल्या झोताची सावली जास्त धारदार असेल. असतं उलटंच. झोत आवळलेला असताना जवळजवळ अख्खं भिंग उजळून निघतं, म्हणजे प्रकाशाचा उगम मोठा होतो आणि सावलीच्या कडा मऊ पडतात. झोत पसरवला की भिंगाचा लहानसाच भाग काम करतो आणि सावली सुरीसारखी होते. न्वारच्या फोटोत बाईच्या अंगावर खिडकीच्या पट्ट्यांच्या, व्हेनेशियन ब्लाइंडच्या, आडव्या सावल्या पडलेल्या दिसतात ना, त्यासाठी दिवा लांब न्यायचा, झोत पसरवायचा आणि पट्ट्या बाईच्या जवळ ठेवायच्या. खरी खिडकीही लागत नाही. पुठ्ठ्यात चिरा कापून तो दिव्यापुढे धरला तरी भागतं.

पण नुसती कठोर सावली पुरत नाही, कारण चेहरा म्हणजे भिंत नव्हे. त्याला डोळे आहेत. बुबुळावरचं पारदर्शक पटल एखाद्या बहिर्गोल आरशासारखं असतं. समोरच्या दिव्याचं इवलंसं प्रतिबिंब त्यात पडतं आणि तो पांढरा ठिपका दिसला की माणूस जिवंत वाटतो. ठिपका गेला की डोळा मेला. दिवा फार वर चढवला तर भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत भरते आणि ठिपका हरवतो. म्हणून फोटोग्राफर एक अगदी लहान दिवा फक्त डोळ्यांसाठी ठेवत. सगळा चेहरा काळोखात बुडवून दोन डोळ्यांवर उजेडाचा एक पट्टा ठेवलेला फोटो बघितला असेल, तर त्यामागचा हिशेब हा आहे.

दिवा वर नेऊन गालांखाली खोलगट सावली पाडायची युक्ती पॅरामाउंट स्टुडिओने मार्लेन डीट्रिखवर इतकी वापरली की तिला 'पॅरामाउंट लाइटिंग' असं नाव पडलं. दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या हाताखाली डीट्रिख प्रकाश इतका शिकली की पुढे कॅमेऱ्याशेजारी आरसा ठेवून ती स्वतःच्या चेहऱ्यावरचा उजेड स्वतः तपासायची. फोटोग्राफर जॉर्ज हरेलने तर मायक्रोफोन टांगायच्या लांब दांड्यावर दिवाच चढवला. जमिनीवर उभ्या दिव्यांना जिथे पोचता येत नव्हतं, तिथे बाईच्या डोक्यावरून तो दिवा मनाला येईल तसा फिरू लागला. हरेल ग्रामोफोन लावून, स्वतः नाचत-ओरडत फोटो काढायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्याचा कॅमेरा मात्र नाचणारा नव्हता. आठ इंच बाय दहा इंच निगेटिव्हचा तो अवजड पेटारा होता.

एवढी मोठी निगेटिव्ह कशासाठी, याचं उत्तर पेन्सिलीत आहे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. डोळ्याखालची काळी सुरकुती तिथे पारदर्शक रेघ बनून येते. रीटचिंग करणारा कारागीर निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवायचा, पेन्सिल धरेल असं रोगण तिला लावायचा आणि टोकदार शिशाने ती रेघ हलक्या हाताने भरायचा. जिथे शिसं लागलं तिथून प्रिंट करताना उजेड कमी जातो, कागद पांढरा राहतो आणि सुरकुती नाहीशी होते. हरेलने १९३१ साली काढलेला जोन क्रॉफर्डचा एक फोटो रीटचिंगच्या आधीचा आणि नंतरचा, असा दोन्ही रूपांत आज बघायला मिळतो. आधीच्या फोटोत तिचं तोंड, खांदे वांगाच्या ठिपक्यांनी भरलेले आहेत, नंतरच्यात संगमरवर. सौंदर्य म्हणून जगाने जे बघितलं त्यात एका अनाम वाटणाऱ्या कारागिराच्या मनगटाचा केवढा वाटा होता! मला स्वतःला पहिला फोटो जास्त आवडतो. त्यातली क्रॉफर्ड कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी मैत्रीण वाटते.

केसांकडे वळू. काळ्या पार्श्वभूमीवर काळे केस ठेवले तर डोकं संपतं कुठे तेच कळणार नाही. बॅक लाइट तिथे कामाला येतो. सोनेरी केस मात्र स्वतःच दिवा होतात. व्हेरोनिका लेकने उजव्या डोळ्यावर केसांची लाट सोडली आणि फोटोग्राफरला फुकटात एक सावली मिळाली. दिवा हलवायची गरज नाही, अर्धा चेहरा आपोआप झाकलेला. तिची नक्कल अमेरिकेतल्या बायकांनी इतकी केली की कारखान्यांत यंत्रावर काम करणाऱ्यांचे केस यंत्रात अडकू लागले, आणि १९४३ मध्ये सरकारच्या विनंतीवरून लेकला केस बांधून लोकांसमोर यावं लागलं. 'डबल इंडेम्निटी'त बार्बरा स्टॅनविकला घातलेला सोनेरी टोप तर उघडउघड खोटा दिसतो. लोकांनी त्याला नावं ठेवली. माझ्या मते तो टोप अगदी बरोबर आहे. नवऱ्याचा खून योजणारी बाई नखशिखान्त बनावट असायला हवी, आणि उजेड त्या टोपावर पडला की ते बनावटपण चकाकतं.

कपड्यांत राणी सॅटिन. त्याच्या विणीत धागा चार किंवा त्याहून जास्त धाग्यांवरून सलग जातो आणि मग एकदा खाली बुडतो, त्यामुळे पृष्ठभागावर सगळे धागे एकमेकांना समांतर, सपाट पडून राहतात आणि उजेड आरशासारखा परतवतात. मखमलीचं उलट. तिचे तंतू उभे असतात, उजेड त्यांच्या दाटीत शिरतो आणि बाहेर येत नाही. म्हणून काळी मखमल फोटोत भोकासारखी दिसते, आणि काळ्या सॅटिनवर मात्र प्रत्येक चुणीच्या माथ्यावरून एक पांढरी रेघ धावते. काळोखात उभ्या बाईचा अख्खा बांधा त्या चारदोन रेघांनी रेखला जातो. १९४६ च्या 'गिल्डा'त रीटा हेवर्थने घातलेला खांद्याविना काळा गाऊन असाच, सॅटिनचा. जाँ लुई या वेशभूषाकाराने त्याची कल्पना सार्जंट या चित्रकाराच्या 'मादाम एक्स' या चित्रावरून घेतली होती. खांद्यावर पट्टा नसताना तो गाऊन नाचातही जागचा हलला नाही, कारण आतून त्याला पट्ट्यांचा भक्कम सांगाडा होता. कमरेवर एका बाजूला आहे ती मोठी गाठ नुसती शोभेची नाही. हेवर्थला काही महिन्यांपूर्वी मूल झालं होतं, सुटलेलं पोट त्या गाठीने झाकलं. रॉबर्ट कोबर्नने त्या गाऊनमध्ये काढलेले तिचे फोटो जगभर गेले. त्या फोटोंमागे बाळंतपणातून नुकतीच उठून कामाला लागलेली एक बाई आहे, हे मला विसरवत नाही.

तिच्या हातातल्या सिगारेटचा धूर फोटोत दिसतो, कारण त्याच्या मागे दिवा आहे. धुराचे कण प्रकाश जास्त करून पुढच्या दिशेला विखुरतात, म्हणून धूर आपल्या आणि दिव्याच्या मध्ये आला तरच उजळतो. समोरून उजेड टाकला तर तो जवळजवळ अदृश्य. असा उजळून दिसणाऱ्या झोतासाठी मराठीत शब्द आहे, कवडसा. कौलांच्या फटीतून दुपारी उतरलेल्या कवडशात नाचणारी धूळ बघितलेल्या माणसाला न्वारचं अर्धं शास्त्र आधीच ठाऊक असतं. 'डबल इंडेम्निटी'चा छायालेखक जॉन साइट्झ याला त्या कोंदट घरात नेमका असा कवडसा हवा होता. साधी धूळ कॅमेऱ्यात उमटेना, तेव्हा त्याने आणि वाइल्डरने हवेत ॲल्युमिनियमचे बारीक कण उडवले आणि ते खाली बसता बसता चित्रीकरण केलं.

आता ज्या दिव्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येतो. मर्ल ओबेरॉन ही हॉलिवूडची मोठी नटी. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं नामांकन होतं. तिचा जन्म १९११ चा, आपल्या मुंबईतला. आईकडून तिचं नातं श्रीलंकेशी होतं. बालपण मुंबईत आणि कोलकात्यात गेलं. त्या वेळच्या हॉलिवूडने आशियाई वंशाच्या मुलीला नायिका केलं नसतं, म्हणून आपण टास्मानियात जन्मलो असं ती आयुष्यभर सांगत राहिली. १९३७ मध्ये लंडनला त्याच स्टर्नबर्गच्या एका चित्रपटात काम करत असताना तिच्या गाडीला अपघात झाला. चेहऱ्यावर व्रण राहिले. तो चित्रपट बंद पडला.

व्रण दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. त्वचेवरचा उंचवटा केसाएवढा का असेना, बाजूने उजेड आला की त्याच्या पलीकडे सावलीची रेघ पडते. चंद्रावर रोज हेच घडतं. अष्टमीच्या चंद्राकडे साध्या दुर्बिणीतून बघा, उजेड आणि काळोख जिथे भेटतात त्या रेषेवरची विवरं खोल, कोरल्यासारखी दिसतात. तोच चंद्र पौर्णिमेला बघा. विवरं गेली कुठे? कुठेच नाही. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, सावल्या पडतात त्या विवरांच्या मागे, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला. न्वारचा अर्धा चेहरा म्हणजे अष्टमीचा चंद्र. १९४४ च्या 'द लॉजर'च्या वेळी ल्युसियन बॅलार्ड या छायालेखकाने मर्लसाठी पौर्णिमा केली. एक छोटा दिवा त्याने कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी चिकटून बसवला. आता दिव्याला जे दिसतं तेच कॅमेऱ्याला दिसत होतं, आणि दिव्याला सावली कधीच दिसत नाही. व्रण पुसले गेले. रंग नाही, पेन्सिल नाही, नुसती दिव्याची जागा! ओबेरॉनच्या नावावरून त्या दिव्याला 'ओबी' म्हणतात आणि चित्रीकरणात तो आजही वापरला जातो. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं, आणि १९४६ च्या 'टेम्प्टेशन'मध्ये नवऱ्यावर विषप्रयोग करणारी बाई झालेल्या मर्लवर उजेड टाकणारा बॅलार्डच होता. मुंबईत जन्मलेली एक मुलगी पडद्यावर अक्षरशः विषकन्या झाली ती अशी.

न्वारचा उजेड मुंबईने उसना घेतला तोही थेट जर्मनीहून. म्युनिकचा योसेफ विर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये कॅमेरा चालवत होता आणि १९४९ च्या 'महल'मधली झोपाळ्यावरची मधुबाला त्यानेच टिपली. सात वर्षांनी 'सी.आय.डी.'त व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्यासमोर वहिदा रेहमान आली. दोन्ही चित्रपटांतल्या गूढ बाईचं नाव कामिनी, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. 'कागज के फूल'मधला प्रसिद्ध झोत मूर्तींनी आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत वळवून आणला. तोही कवडसाच, फक्त मोठा.

हे सगळं वाचून पटणार नाही, करून बघा. रात्री खोलीतले सगळे दिवे मालवा, एक उघडा बल्ब हातात येईल असा घ्या आणि आरशासमोर बसा. बल्ब कानाशी धरा, मग कपाळासमोर, मग हळूहळू वर. काळोख्या गालाजवळ एक कोरा पांढरा कागद धरा, फिल लाइट काय करतो ते कळेल. कागद काढून घ्या, न्वार काय करतं ते कळेल. मग दिवा समोर ठेवून उंच नेत जा आणि नाकाची सावली वरच्या ओठाला टेकायच्या आत थांबा. डीट्रिखचा दिवा तिथेच असायचा.